स्वारी संपलेल्या घोड्याला घर देताना

मी घरी आणलेली पहिली घोडी वरातीतली होती. पांढरी, फासळ्या लांबूनच मोजता येतील अशी, मागचा उजवा पाय पुरता टेकतही नव्हती. मालक म्हणाला, "ताई, घोडी आता नाचत नाई. तुम्ही नेता तं न्या, नाई तं सोडून देतो धरणाकडे." मी तिला चालवत आणलं. तिची भूक पाहून जीव तुटला, म्हणून पाटीभर भिजवलेले चणे आणि वर गुळाचा खडा ठेवला. तिनं पाटी चाटूनपुसून रिकामी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी पहाटे ती कोठ्यात आडवी पडलेली दिसली, आणि दुपारपर्यंत गेली.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. महिनोन्महिने उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम दाणा मिळाला की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्यानं पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तात ते उरत नाही, आणि हृदय व श्वास दोन्ही ढेपाळतात. हे बहुतेक वेळा पहिल्या आठ-दहा दिवसांत घडतं. उपासमारीत ती तग धरून होती, ती माझ्या चण्यांनी गेली.

त्यानंतर सात घोडे या वावरात आले. चार दुसऱ्या घरी सुखात आहेत, एक इथेच म्हातारा होतोय, दोन गेले, त्यातला एक गेल्या पावसाळ्यात. या काळात शिकलेलं सगळं इथे लिहिते आहे, कारण विदर्भात म्हातारा घोडा बाळगण्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, आणि गुरांचं ज्ञान घोड्याला जसंच्या तसं लावलं तर घात होतो.

आधी हिशेब, मग घोडा

घोडा साधारण २५ ते ३० वर्षं जगतो. १८ वर्षांचा घोडा पाठीला नको झाला म्हणून मालक सोडतो, पण त्याची दहा वर्षं अजून बाकी असू शकतात. आपण 'थोडे दिवस सांभाळू' म्हणतो, ते थोडे दिवस पोराची बारावी होऊन तो नोकरीला लागेपर्यंत चालतात.

घोड्याला रोज वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा लागतो. आपल्याकडचं वरातीचं किंवा टांग्याचं घोडं २५० किलोच्या आसपास असतं. म्हणजे रोज पाच-साडेपाच किलो, आणि वर्षाला वीस क्विंटल. तो साठवायला पावसाचा थेंब न लागणारी जागा हवी. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, मे महिन्यात त्याहूनही जास्त. मार्चनंतर तुमच्या विहिरीला पाणी असतं का, याचं उत्तर प्रामाणिकपणे द्या. दर सहा ते आठ आठवड्यांनी खुरं साळायला माणूस लागतो. दात पाहायला वर्षातून एकदा तरी डॉक्टर लागतो. आणि रोज सकाळ-संध्याकाळ एक तास तुमचा स्वतःचा.

वजन काढायला काटा लागत नाही. शिवणाचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या हाडापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे किलोतलं वजन. घेर १५० आणि लांबी १४० असेल तर साधारण २६५ किलो येतात. औषधाचा डोस याच आकड्यावर ठरतो, म्हणून हा आकडा कोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवायची: सोबत. घोडा कळपाचं जनावर आहे. एकटा ठेवलेला म्हातारा घोडा दाराकडे तोंड करून उभा राहतो आणि चारा अर्धा टाकतो. दुसरा घोडा नसेल तर गाढव किंवा शेळी चालते. आमच्याकडे एका टांग्याच्या घोड्यानं एक बोकड असा काही आपलासा केला की बोकड विकायचं आम्ही पुन्हा नाव काढलं नाही.

जनावर नीट पाहून घ्या

लग्नसराई संपली की, म्हणजे जूनच्या आसपास, वरातीच्या घोड्यांतली थकलेली जनावरं रिकामी होतात. त्याच वेळी पाऊस सुरू होतो आणि चारा महाग असतो. आमच्या भागात सोडलेले घोडे मला सगळ्यात जास्त आषाढ-श्रावणात दिसतात: हायवेच्या कडेला, धरणाच्या गाळपेऱ्यात, कधी बाजाराच्या मैदानावर.

वय दातावरून काढतात, पण मालकाच्या 'बारा वर्षांची आहे' यावर जाऊ नका. वरच्या जबड्यात समोरच्या दातांपैकी सगळ्यात कडेचा दात पाहा. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यावर हिरडीपाशी एक तपकिरी खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती दाताच्या मध्यापर्यंत येते आणि विसाव्या वर्षी खालपर्यंत पोचते. मग ती वरून पुसत जाते आणि तिसाव्या वर्षाच्या आसपास नाहीशी होते. अंदाज दोन-चार वर्षांनी चुकू शकतो. बाजूनं पाहिलं तर तरुण घोड्याचे दात उभे असतात, म्हाताऱ्याचे पुढे झुकलेले.

अंगावरचं मांस एक ते नऊ अशा गुणांनी मोजतात. एक म्हणजे हाडांचा सापळा, पाच म्हणजे चांगला, नऊ म्हणजे लठ्ठ. लांब केसांखाली हाडं लपतात, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. हात फिरवा: फासळ्या, मणके, शेपटीचं मूळ, मान. तीनच्या खाली असेल तर पुढचा 'पहिले दहा दिवस' हा भाग दोनदा वाचा.

चालवून पाहा, आधी सपाटीवर, मग कडक जमिनीवर. पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभा असेल तर खुरांच्या आतली सूज असू शकते. उन्हाळ्यातही अंगावर लांब, कुरळे केस राहिले असतील तर तो म्हातारपणातला ग्रंथीचा आजार असतो. त्याला औषध आहे, पण ते जन्मभर द्यावं लागतं. नाकातून घट्ट, पिवळा स्राव आणि पायांवर गाठी किंवा फुटलेले व्रण दिसले तर हातही लावू नका. त्याबद्दल पुढे लिहिते.

घोडी असेल तर गाभण आहे का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. गर्भकाळ अकरा महिन्यांचा असतो, पोट उशिरा दिसतं, आणि म्हाताऱ्या घोडीला बाळंतपण झेपत नाही. आमच्याकडे एकीच्या पोटात शिंगरू निघालं. हे आधी कळलं असतं तर तिचा चारा वेगळा ठेवला असता.

मालकाशी बोलणं आणि कागद

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. वय, आजार किंवा जखमेमुळे कामाला न चालणाऱ्या जनावराकडून काम करून घेणं आणि त्याला वाऱ्यावर सोडून देणं, दोन्ही कलम ११ खाली गुन्हे आहेत. पण पहिल्यांदा गुन्हा केला तर दंड आहे १० ते ५० रुपये. त्या दंडानं कोणी बदलत नाही. जनावराला मारून टाकणं किंवा जायबंदी करणं मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली येतं आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

म्हणून मी धमकीनं सुरुवात करत नाही. बहुतेक मालक स्वतःच तंगीत असतात. घोडी त्यांच्या घरची कमावती होती, आता ती खाते आणि कमवत नाही. "भाऊ, हिनं तुमचं घर चालवलं. आता हिला माझ्याकडे राहू द्या. पुन्हा वरातीला लावणार नाही, आणि तुम्ही कधीही भेटायला या." एवढं बोलल्यावर तीन जणांनी पैसे घेतले नाहीत. एक जण दर दिवाळीला येतो आणि तिच्या आयाळीला तेल लावून जातो.

पैसे द्यावेत की नाही? दलालाला कधीच देऊ नका. तुम्ही एक घोडा सोडवलात की तो त्या पैशात दुसरा आणतो. गरीब मालकाला गाडीभाडं आणि थोडीफार मदत करायला माझी हरकत नाही, पण ती किंमत म्हणून नाही.

कागद मात्र करायचाच. स्टॅम्पपेपरवर दोन्ही नावं, घोड्याचा रंग, उंची, अंगावरच्या खुणा (कपाळावरचा टिळा, पांढरे पाय, भोवरे), फोटो, 'ताबा कायमचा दिला' हे वाक्य, दोन साक्षीदार आणि तारीख. भटका घोडा असेल तर तो सरळ घरी आणू नका, उद्या मालक उगवला तर चोरीचा आळ येतो. ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना लेखी कळवा. कोंडवाडा असेल तर नोंद करा, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्जाची प्रत द्या. जखमी जनावरासाठी पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. जिल्ह्याला प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीही असते. अर्जाची पोच जपून ठेवा.

आणताना

अशक्त घोडा चालवत आणू नका. मी केलेली ती पहिली चूक होती. टेम्पो ठरवा आणि पहाटे चारला निघा. आधी डॉक्टरांकडून 'प्रवासाला योग्य' असा दाखला घ्या, नियमानं तो लागतो आणि नाक्यावर विचारतात. फळी घसरते, म्हणून तिच्यावर आधी माती आणि वर कुटाराचा जाड थर टाका. दोन घोडे असतील तर मध्ये जाड बांबू आडवे बांधा, मागे दोन मजबूत आडवी लाकडं लावा. डोकं फार आखूड बांधू नका, घोड्याला तोल सांभाळायला मान लागते. ड्रायव्हरला सांगा: ताशी ३५ किलोमीटरच्या वर नको, आणि ब्रेक हळू. चढवायला रॅम्प नसेल तर गाडी धुऱ्याला किंवा बांधाला लावा. शेपटी पिळून किंवा काठी मारून चढवलेला घोडा पुढच्या वेळी गाडी पाहूनच पाय रोवतो.

पहिले दहा दिवस

घरच्या जनावरांपासून लांब, निदान वेगळ्या कोठ्यात ठेवा. बादली, खरारा, म्होरकी सगळं वेगळं. तीन आठवडे मिसळू नका.

पहिल्या दिवशीच डॉक्टरांना रक्त काढायला सांगा. घोड्यांना ग्लँडर्स नावाचा जिवाणूचा रोग होतो. तो माणसालाही होतो आणि जीव घेतो. त्याची माहिती सरकारला देणं २००९ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. नमुन्याची चाचणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते, आणि नमुना सरकारी पशुवैद्यकांमार्फत पाठवावा लागतो. चाचणी होकारार्थी आली तर घोड्याला दयामरण द्यावं लागतं. हे ऐकून लोक चाचणीच टाळतात. टाळू नका, कोठ्यात तुमची लेकरं खेळतात. त्याच रक्तातून सर्रा (गोमाश्यांमुळे पसरणारा आजार) आणि गोचिडांमुळे होणारा ताप हेही पाहून घ्या. धनुर्वाताची लस तर लगेच. घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं दुसरं जनावर नाही, आणि खिळा रुतलेला पाय विदर्भातल्या प्रत्येक कोठ्याची गोष्ट आहे.

आता चारा. तीनच्या खाली गुण असलेल्या घोड्याला दाणा, चणे, कोंडा, गूळ, पोळी, काहीही नाही. घरातल्या सगळ्यांना, शेजारच्या आजीलाही, हे हात जोडून सांगा.

द्यायचा तो वाळवलेला लसूणघास (ल्यूसर्न). यात पिष्ट कमी असतं, आणि फॉस्फरस व मॅग्नेशियम चांगलं असतं, म्हणजे ज्याची शरीराला तूट पडते तेच. २५० किलोच्या घोड्याला दर चार तासांनी पाव किलो, रात्रीसुद्धा. हिरवा असेल तर पाणी जास्त असल्यानं साधारण किलोभर. पहिले तीन दिवस एवढंच. तो लाथा मारेल, गव्हाण चाटेल, तुमच्याकडे पाहील. तुमचा निश्चय इथेच कसाला लागतो. चौथ्या दिवसापासून हळूहळू वाढवा आणि वेळा कमी करा, असं करत दहाव्या दिवसापर्यंत पोटभर चाऱ्यावर आणा. ओलितात लसूणघास लावणारे शेतकरी वर्धा, अमरावती भागात सापडतात, एखाद्या दूधवाल्याला विचारा. नाहीच मिळाला तर मऊ, पानाळ वाळलं गवत, पण तेही याच मापानं. दाणा सुरू करायचा तो दोन-तीन आठवड्यांनंतर, डॉक्टरांशी बोलून आणि मूठभरापासून.

पाणी मात्र सतत समोर. रोज सकाळी ताप, नाडी आणि श्वास वहीत लिहा. निरोगी घोड्याचा ताप ३७.५ ते ३८.५ सेल्सियस, नाडी मिनिटाला २८ ते ४४ (जबड्याच्या आतल्या कडेला बोटं ठेवली की लागते), श्वास ८ ते १६. पायांना सूज, झोकांड्या, थरथर किंवा खाली मान घालून उभं राहणं दिसलं तर त्याच तासाला फोन करा. गुरांना चांगला हात असलेला डॉक्टर घोड्याचा अनुभवी असेलच असं नाही. अडलं तर नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत विचारायला आपल्या डॉक्टरांना सांगा. चांगला डॉक्टर असं विचारण्यात कमीपणा मानत नाही.

जंताचं औषध पहिल्याच दिवशी नको. अशक्त पोटात एकदम मेलेल्या जंतांचा भार पडतो. लीद तपासून घ्या, आणि गुरांचं इंजेक्शन घोड्याला आपल्या मनानं टोचू नका.

दात आणि खूर

म्हाताऱ्या घोड्याचं वजन वाढत नसेल तर लोक चारा वाढवतात. आधी तोंड उघडून पाहा. घोड्याचे दात जन्मभर वर सरकत असतात आणि घासले जातात. कधी तरी मुळाशी संपतात. वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धार येते, ती गाल आणि जीभ कापते. खूण सोपी आहे: गव्हाणीच्या खाली चावून टाकलेले चाऱ्याचे ओले गोळे, लिदीत अख्खे दाणे आणि लांब काड्या. डॉक्टर गुंगी देऊन कानशीनं धार घासतात. एका टांग्याच्या घोड्याचे दात घासल्यावर तो महिनाभरात ओळखू येईना. दात पार संपले असतील तर घासून उपयोग नाही, मग चाराच मऊ करावा लागतो.

खुरांचं सांगायचं तर, जुनी नाल आधी काढून टाका. त्याला आता डांबरी रस्त्यावर पळायचं नाही. आपल्याकडे पोळ्याच्या आधी गावोगाव फिरणारे नालबंद बैलांची नाल ठोकतात. त्यांचा हात बैलाच्या खुराला सरावलेला असतो, घोड्याचं खूर साळणं वेगळं काम आहे. वरातीच्या किंवा टांग्याच्या घोड्यांचा नालबंद शोधा. म्हातारा घोडा एक पाय फार वेळ वर धरू शकत नाही, म्हणून मध्ये-मध्ये पाय खाली सोडा, आणि त्याला पाय झटकतो म्हणून मारू देऊ नका. त्याचे सांधे दुखत असतात.

आपल्या भागातला चारा

ज्वारीचा वाळला कडबा कुट्टी करून चांगला. कोवळी किंवा पाण्याचा ताण बसलेली हिरवी ज्वारी नको, तिच्यात सायनाइडचं विष तयार होतं, हे गुरंवाल्यांना माहीतच आहे. हरभऱ्याचं आणि तुरीचं कुटार चालतं. सोयाबीनचं कुटार कडक आणि काड्यांचं असतं. दात कमी असलेल्या घोड्याच्या आतड्यात ते अडकून बसतं, मी ते देत नाही. गव्हांडा थोडा, मिसळून.

सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. रवंथ करणाऱ्या गुरांना ते बऱ्यापैकी झेपतं, घोडा रवंथ करत नाही. ढेपेचा मोह टाळा.

आणि हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: कोंबडी खाद्य घोड्याच्या आसपासही नको. त्यात आणि काही पशुखाद्यांत मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन घातलेलं असतं. कोंबडीला ते औषध आहे, घोड्याला थोडंसंही हृदयघातक. पशुखाद्याच्या पोत्यावरचं लेबल वाचा, युरिया असेल तर तेही नको. पोत्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर ते पोतं गुरांसाठी.

माझा रोजचा मऊ घास असा: कडब्याची बारीक कुट्टी आणि लसूणघासाची कुट्टी समसमान, दोन मुठी गव्हाचा कोंडा, वजन वाढवायचं असेल तर थोडे शिजवलेले सातू (जव) किंवा ओट, मोठा चमचाभर मीठ, आणि बुडेल इतकं पाणी घालून अर्धा-पाऊण तास भिजवायचं. उन्हाळ्यात जास्त वेळ ठेवलं तर आंबतं. दात नसलेल्याला हे दिवसातून चार वेळा द्यावं लागतं. नुसत्या कोंड्यावर ठेवू नका. कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं आणि जबडा सुजतो. कोरडा कोंडा किंवा कोरड्या गोळ्या घाईनं खाल्ल्या तर अन्ननलिकेत अडकतात, नाकातून चारा आणि लाळ येते. तोबरा वापरत असाल तर तोही ओल्या घासानंच भरा.

पोळ्याच्या दिवशी बैलांसोबत घोड्यालाही पुरणपोळी द्यायला माणसं येतात, मोठ्या मायेनं. मी त्यांच्या हातात लसूणघासाची पेंडी देते. एवढी साखर एकदम पोटात गेली तर खुरांच्या आत सूज येते, आणि म्हाताऱ्या घोड्याला ती आयुष्यभर पुरते.

बुरशी लागलेला चारा बैल खाईल, घोड्याला नको. वावरात बेसरम, कण्हेर, धोतरा, एरंडी, घाणेरी असेल तर कुंपणाबाहेर ठेवा. शेजारच्या पऱ्हाटीवर फवारणी झाली की त्या धुऱ्यावरचं गवत काही आठवडे तोडू नका. फवारणीच्या विषानं माणसं गेलेली २०१७ मध्ये यवतमाळनं पाहिली आहेत, जनावराचं तर कोणी मोजतही नाही.

ऊन आणि पाऊस

चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो. टिनाचं छप्पर म्हणजे भट्टी. त्यावर पऱ्हाट्यांचा किंवा गवताचा थर टाका, नाही तर दिवसभर कडुनिंबाखाली बांधा. दिवसातून दोनदा पाणी ओता, आधी पाय, मग छाती, मग पाठ. चरायला फक्त पहाटे आणि रात्री. मेअखेरच्या नवतप्यात मी रात्री अकराला पाणी पाजायला पुन्हा उठते. एखाद्या घोड्याचा घामच बंद होतो: अंग कोरडं, गरम, श्वास धापा टाकल्यासारखा. हे दिसलं की सावली, वारा, सतत पाणी आणि डॉक्टर.

पावसाळ्यात खुरांच्या तळाला काळा, घाण वास येणारा चिखल साठतो. रोज खूर कोरून स्वच्छ करा आणि उभं राहायला एक कोरडा, मुरूम टाकलेला तुकडा ठेवा. गोमाश्यांमुळे सर्रा पसरतो: येऊन-जाऊन ताप, नीट खाऊनही वाळत जाणं, पोटाखाली आणि पायांना सूज. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करा, पण कोठ्याच्या बाहेर, म्हाताऱ्या फुप्फुसाला आतला धूर सोसत नाही.

पोटशूळ कधीही येऊ शकतो. घोडा पोटाकडे वळून पाहतो, पाय आपटतो, लोळतो, लीद टाकत नाही. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून आत अडकलेलं आतच फुगतं. चारा काढून घ्या, डॉक्टरांना बोलवा, लोळून इजा करत असेल तर हळू फिरवा. बांबूच्या नळकांड्यानं तेल किंवा ताक तोंडात ओतू नका. गावात सगळे हाच सल्ला देतील, पण ते श्वासनलिकेत जातं आणि पोटशुळानं न मेलेला घोडा न्यूमोनियानं मरतो.

दुसरं घर

निदान तीन महिने स्वतःकडे ठेवल्याशिवाय घोडा पुढे देऊ नये. तोपर्यंत त्याचं खाणं, दुखणं, कशाला घाबरतो, हे कळलेलं असतं आणि नव्या माणसाला ते सांगता येतं.

'घोडा मोफत देणे आहे' अशी पोस्ट टाकू नका. पहिला फोन दलालाचा येतो. मी ओळखीतून शोधते: पशुवैद्यक, दूधवाले, ज्यांच्या कोठ्यातला बैल म्हातारा होऊनही दावणीला दिसतो अशी घरं. हीच माझी सगळ्यात भरवशाची परीक्षा आहे. ज्यांनी काम संपलेला बैल बाजारात नेला नाही, ते घोडाही नेणार नाहीत. गोशाळेत द्यायचा तर गायींपासून वेगळी जागा आहे का ते पाहा. शिंगांचे धक्के म्हातारा घोडा चुकवू शकत नाही.

घरी जाऊनच बोला. पाणी कुठलं, मे महिन्यात कोण पाजतं, आजारी पडला तर कोणाला बोलावणार, शेजाऱ्याच्या पोराच्या लग्नात 'एकच दिवस द्या' म्हटलं तर काय सांगणार? या शेवटच्या प्रश्नाला घुटमळणाऱ्या घरी मी देत नाही. नातवंडांना पाठीवर बसवायचं स्वप्न असेल तर प्रेमानं समजावते की याची पाठ आता कोणाच्याच भाराची नाही, लेकरानं खरारा केला तरी त्याला पुरतं.

पंधरा दिवस बोलीवर ठेवा, मग करार करा. स्वारी नाही, वरात नाही, गाडीला जुंपणं नाही, घोडी असेल तर पैदास नाही, विक्री नाही. सांभाळणं जमलं नाही तर परत माझ्याकडेच. महिन्याला एक फोटो, त्यात फासळ्या आणि खुरं दिसली पाहिजेत. पहिल्या वर्षी दोनदा न सांगता भेट. घोडा पोचवताना त्याची जुनी म्होरकी, आठवड्याचा सवयीचा चारा आणि वही सोबत द्या. चारा एकदम बदलला तर पोटशूळ ठरलेलाच. आणि एकत्र जगलेली जोडी तोडू नका. दोघांना एकत्र घेणारं घर मिळेपर्यंत थांबावं लागलं तरी थांबा.

शेवटी

घोडा स्वतः उठू शकत नसेल, औषधानंही दुखणं थांबत नसेल, पाणी सोडलं असेल, तर डॉक्टरांशी दयामरणाबद्दल बोला. हा निर्णय फार उशिरा घेणं मी दोनदा केलं आहे. आज वाटतं, दोन्ही वेळा ते दिवस मी माझ्यासाठी वाढवले.

दुखण्याच्या औषधाबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा. गिधाडांचा जीव घेतं म्हणून जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली, आणि २०२३ साली केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅकवरही. मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. दयामरणाचं इंजेक्शन दिलेलं शव तर उघड्यावर टाकायचंच नाही. कुत्री, कोल्हे, गिधाडं, जो खाईल तो मरू शकतो. जेसीबी आधीच सांगून ठेवा. विहीर आणि नाल्यापासून लांब, उंच जागी, पावसाळ्यातही पाणी न साचणारा खोल खड्डा करा, वरखाली चुना टाका.

खड्डा बुजवण्याआधी सोबतच्या जनावराला शवाजवळ येऊ द्या. आमच्या टांग्याच्या घोड्याला त्याच्या बोकडानं बराच वेळ हुंगलं, कपाळानं एकदा ढकललं, आणि मग धुऱ्यावर जाऊन चरायला लागला. जिला असं भेटू दिलं नाही ती घोडी आठ दिवस दारापाशी उभी राहून खिंकाळत होती.